डिक्कीत ठेवलेली गाठ

हे मी त्या बाईसाठी लिहिते आहे, जिच्या हातात येत्या काही दिवसांत हॉस्पिटलातलं कुणीतरी एक छोटी प्लास्टिकची पिशवी ठेवणार आहे आणि म्हणणार आहे, "हा तुमचा ब्लॉक, सांभाळून न्या." त्या पिशवीत तिचीच गाठ असेल, मेणाच्या ठोकळ्यात बसवलेली, नखाएवढी. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी आता करत नाही. म्हणजे, पूर्वीइतका करत नाही.

धीर देणारं काही वाचायचं असेल तर हे बाजूला ठेवा. मी अजून उपचारांतच आहे आणि मला स्वतःलाच धीर नाही. घरी येणारा प्रत्येक जण "खंबीर राहा" सांगून, चहा पिऊन जातो. तो चहाही बऱ्याचदा मलाच करावा लागतो.

खुर्ची पुढे ओढली तेव्हा

गाठ मला अंघोळ करताना लागली. डाव्या बाजूला, काखेच्या अलीकडे. मी नागपूर विद्यापीठाच्या परीक्षा विभागात काम करते. परीक्षांचे दिवस होते, मान वर करायला फुरसत नव्हती, म्हणून थोडे दिवस अंगावर काढलं. मग सोनोग्राफी झाली, मग सुई. सुई म्हणजे आपल्या ओळखीची सुई नव्हे. जाड सुईनं गाठीतून शेवईसारखे तुकडे काढतात.

रिपोर्ट घ्यायला मी आणि सुधाकर दोघंही गेलो. सुधाकर म्हणजे माझे मिस्टर. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात धागा तपासायच्या खात्यात त्यांनी उभी नोकरी केली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. गॅसचा खटका दोनदा पाहिल्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत. कुलूप लावलं की ओढून पाहतात, चार पावलं जातात, परत येऊन पुन्हा ओढतात. या माणसाच्या हातून निष्काळजीपणा होईल असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

धंतोलीतल्या त्या हॉस्पिटलात डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट वाचला आणि आपली खुर्ची पुढे ओढली. खुर्ची पुढे ओढली तेव्हाच मला कळलं. 

"कॅन्सर आहे, मंगलाताई. गाठ मोठी आहे. आधी केमो देऊन ती लहान करू, मग ऑपरेशन."

सुधाकरांनी विचारलं, "पण बरं होईल ना, मॅडम?"

मी ते विचारलंच नाही. मी विचारलं, "केमो माझ्यावर चालेल का?"

"बऱ्याच जणींवर चालतं."

"माझी बहीण त्या बऱ्याच जणींत नव्हती," मी म्हणाले.

सुमनताई

सुमनताई माझी थोरली बहीण, भिवापूरला दिलेली. सासरी मिरचीचा व्यापार. तिच्या घरात पाऊल टाकलं की आधी शिंक यायची, मग ताई दिसायची. तिला हाच रोग झाला. औषधासाठी ती माझ्याकडे येऊन राहिली होती. पहिल्यापासून शेवटच्या डोसापर्यंत तिनं सगळं केमो घेतलं, एकदाही चुकवलं नाही. केस गेले, नखं काळी पडली, तोंड आलं. मिरचीच्या घरातली बाई, पण शेवटी शेवटी तिला साधं वरणसुद्धा झोंबायचं. आणि गाठ होती तिथेच होती, तसूभर हलली नाही.

एकदा उलटी झाल्यावर मी तिचं तोंड पुसत होते. ती म्हणाली, "हे औषध माह्यासाठी नाही वं मंगल. दुसऱ्याच कोनाचं असन. मले चुकून देऊन राह्यले."

"काहीच्या काही नको बोलू, ताई," मी म्हणाले आणि दुसरा टॉवेल आणायला उठले.

तिचं बरोबर होतं. ते औषध तिच्यासाठी नव्हतं. पण हे आधी कळायची सोय आमच्याकडे तरी नव्हती. सगळे हाल सोसून झाले, नंतर गाठ वाढत गेली आणि ताई गेली.

म्हणून मला मरणाची भीती वाटत नव्हती असं नाही, भरपूर वाटत होती. पण त्याहून मोठी भीती होती ती ताईसारखं होण्याची. सगळं सोसायचं आणि ते फुकट जायचं.

कुठले दिवे लागलेत

मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एक चाचणी आहे. पेशीत जनुकं, म्हणजे जीन्स, पुष्कळ असतात, पण सगळी चालू नसतात. घरात वायरिंग सगळीकडे असतं, दिवे मात्र काही खोल्यांतलेच लागलेले असतात ना, तसं. तुमच्या गाठीत कुठले दिवे लागलेत आणि किती प्रखर, ते ही चाचणी पाहते. आधीच्या पुष्कळ बायकांच्या गाठींशी ताडून पाहते आणि सांगते, की ही गाठ केमोला दाद देईल असं दिसतं की नाही." मग बोट वर करून म्हणाल्या, "अंदाज सांगते. भविष्य नाही."

मी त्यातलं 'दाद देईल की नाही' एवढंच ऐकलं. जन्मभर मी लोकांचे निकाल लावले, आणि इथे पेपर लिहायच्या आधीच निकाल सांगणारं काहीतरी निघालं होतं. मला वाटलं, ताईच्या नशिबात नव्हतं ते माझ्या नशिबात आलं. त्या संध्याकाळी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

सुईनं काढलेले तुकडे मेणात बसवून ठेवतात. त्याला सगळे ब्लॉक म्हणतात. माझा उरलेला एक ब्लॉक बंगलोरच्या लॅबला पाठवायचा होता. तो पेशंटच्या हातात देतात आणि पेशंटनं आपला आपण कुरिअर करायचा, अशी तिथली पद्धत. मॅडम एवढंच म्हणाल्या, "लवकर पाठवा. गाठ वाढते आहे, फार दिवस थांबता येणार नाही."

नवतपा

तेव्हा नवतपा सुरू होता. मे महिना संपत येतो तेव्हाचे हे सगळ्यांत कडक उन्हाचे नऊ दिवस. या दिवसांत दुपारी बाहेर पडायचंच झालं तर नागपूरचा माणूस तोंडाला दुपट्टा बांधतो आणि खिशात कांदा ठेवतो. कांदा लू, म्हणजे उन्हाची झळ, ओढून घेतो, अंगाला लागू देत नाही, असं आम्ही मानतो. शिकलेले लोक याला हसतात आणि बाहेर पडताना हळूच टोपलीत हात घालतात.

ब्लॉक आणायला सुधाकर एकटेच गेले. मी घरी कूलरसमोर पडून होते. पुढे जे घडलं ते मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं, तेही एका बैठकीत नाही.

ब्लॉक पडू नये, फुटू नये म्हणून त्यांनी घरून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा नेला होता. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरेल असं त्यांना वाटलं. धाग्याला ओल लागली की माल गेला, हे कारखान्यात त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. म्हणून त्यांनी ब्लॉक पिशवीतून बाहेर काढला. डब्यात खाली कापूस अंथरला, त्यावर ब्लॉक ठेवला आणि त्याच्या शेजारी एक कांदा. माझ्या गाठीला लू लागू नये म्हणून. मग झाकण दाबून लावलं, ओढून पाहिलं, आणि डबा स्कूटरच्या डिक्कीत ठेवला.

सीताबर्डीवरचं कुरिअरचं दुकान दुपारचं बंद होतं. ऊन उतरल्यावर उघडणार होतं. घरी परत आले असते तर मी प्रश्न विचारून विचारून त्यांचा जीव खाल्ला असता, म्हणून ते घरी आले नाहीत. जवळच्या गणपतीच्या देवळात जाऊन बसले. स्कूटर बाहेर उन्हात उभी. वर काळी सीट, खाली तापलेलं इंजिन आणि मध्ये स्टीलचा डबा. आत गार फरशीवर बसून ते माझ्या रिपोर्टसाठी नाव घेत होते, आणि बाहेर माझी गाठ वितळत होती.

दुकान उघडलं तेव्हा त्यांनी डबा उघडून पाहिलं. मेण मऊ होऊन एका कडेनं ओघळलं होतं आणि कांदा त्याला चिकटला होता. त्यांनी कांदा हळूच सोडवला. झाकण लावलं आणि दुकानातल्या एसीखाली डबा धरून उभे राहिले. मेण पुन्हा घट्ट झालं. घट्ट झालं म्हणजे ठीक झालं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली, तिथल्याच पिशवीत ब्लॉक घालून पाठवून दिला, घरी आले आणि पन्ह्याचा पेला रिकामा करून मला म्हणाले, "गेला वं. व्यवस्थित गेला."

वाचणाऱ्या बाई, तुम्ही ब्लॉक पिशवीतून काढू नका. उन्हात ठेवू नका, बंद गाडीत तर मुळीच नको. आणि एका ब्लॉकवर सगळा जीव टांगू नका. हे शेवटचं मला अजूनही जमत नाही.

बंगलोरचा फोन

लॅबमधून फोन आला तो माझ्याच मोबाइलवर. एक तरुण मुलगी, हिंदीत बोलत होती.

"मॅडम, आपका ब्लॉक गरम जगह पे रखा था क्या? वॅक्स मेल्ट हुआ है. और मॅडम, उसके ऊपर प्याज़ का छिलका चिपका है."

"क्या चिपका है?"

"प्याज़, मॅडम. अनियन."

मी सुधाकरांकडे पाहिलं. ते समोर पेपर वाचत बसले होते. पेपर तसाच धरलेला होता, पण त्यांचे डोळे हलत नव्हते.

मेण वितळून आतले तुकडे सरकले होते, काही निघून गेले होते, आणि उरलं होतं त्यातून चाचणी होत नव्हती. नवीन ब्लॉक पाठवा, असं सांगून तिनं फोन ठेवला.

"अहो," मी म्हणाले, "ब्लॉकसोबत कांदा ठेवला होता?"

"हो."

"काहून?"

"ऊन होतं वं."

मला आधी हसू आलं. ते बाहेर पडायच्या आधीच मी जी ओरडले ती शेजारच्या घरापर्यंत ऐकू गेली असणार. सगळं लिहीत नाही. "ताईच्या वेळी कोणाले कळतच नव्हतं. मले कळलं असतं, तर तुम्ही ते मिरच्यांसारखं उन्हात वाळत घातलं!" एवढं मात्र बोलले आणि ते खरंच मनापासून बोलले. सुधाकर उठले आणि कूलरमध्ये पाणी भरायला लागले. कूलर भरलेलाच होता. पाणी खाली सांडून दारापर्यंत आलं तरी ते भरतच राहिले.

पुण्याला नोकरी करणारी आमची मुलगी मृणाल फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही असं कसं केलं?" तेव्हापासून ते तिच्याशीही बोलेनात.

मॅडमनी मात्र आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "मुळात तुकडेच कमी होते, पहिल्या तपासणीत निम्मे संपले. ऊन लागलं नसतं तरी चाचणी फसली असती, असंही होऊ शकतं. उन्हामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

सुधाकरांनी मान हलवली, नाही म्हणून. त्यांना ही सुटका नको होती. मलाही नको होती. मला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं, आणि दोष बहुधा कुणाचाच नाही हे ऐकणं मला सगळ्यांत जड गेलं.

पुन्हा सोनोग्राफी झाली. गाठ वाढली होती. मॅडम म्हणाल्या, "नवीन सुई घेऊ, ब्लॉक पाठवू. पण आता मी रिपोर्टची वाट पाहणार नाही. केमो सुरू करू."

म्हणजे ताईसारखंच झालं होतं. काही न कळता खुर्चीत बसायचं आणि हात पुढे करायचा.

पहिला डोस

नवीन ब्लॉक घेऊन सुधाकर स्वतः बंगलोरला जायला निघाले. एसी डब्याचं तिकीट काढलं, लॅबला फोन करून किती थंड, किती गरम चालेल ते विचारून घेतलं. माझा पहिला डोस नेमका त्याच दिवशी होता.

"कुरिअर करा ना," मी म्हणाले. "तुम्ही माझ्यापाशी थांबा."

"नाही. हे मीच नेतो."

"म्हणजे तो तुकडा तुमची बायको, अन् मी कोणीच नाही?"

त्यांनी बॅग भरणं थांबवलं नाही. मृणाल दुसऱ्या दिवशी पोचणार होती. मी रिक्षा करून एकटीच गेले.

केमोच्या हॉलमध्ये आरामखुर्च्यांची रांग असते. प्रत्येक खुर्चीत एक जण, प्रत्येकाच्या डोक्यावर एक बाटली. माझ्या बाटलीतलं औषध लाल होतं. सिस्टरनं शीर शोधली, आणि ते लाल पाणी नळीतून खाली येताना मला ताईच दिसली. हात ओढून घ्यावा आणि पळत सुटावं असं वाटलं. ओठ घट्ट मिटून बसून राहिले.

शेजारच्या खुर्चीत कन्हानच्या दुर्गाबाई होत्या. त्यांचे बरेच डोस झाले होते, हॉलमध्ये त्यांचं माहेरच असल्यासारखं होतं.

"काय वं बाई, एकटीच? मालक कुठी हायेत?"

"बंगलोरले गेले."

"तुले इथं टाकून?"

"माझ्या गाठीचा तुकडा घेऊन गेले. तपासाले."

दुर्गाबाईंनी जरा विचार केला. "तुह्यावाला तुकड्यासंग तरी गेला. माहावाला खाली पानठेल्यावर बसून राह्यला. वर आला का त्याले चक्कर येते."

निदान झाल्यापासून मी पहिल्यांदाच हसले. त्यांनी आपल्या थर्मासमधून बर्फाचा खडा काढून दिला. "तोंडात धर. तोंड कमी येते." तोंड आलंच, पण ताईपेक्षा कमी आलं. या सगळ्यात माझ्या वाट्याला जी थोडी माया आली, तिच्यातला हा बर्फ एक.

बोटं

सुधाकर परत आले. "लॅबमधल्या बाईंनी माह्यासमोर ब्लॉक पाह्यला. चांगला आहे म्हणाल्या," असं दारातूनच सांगितलं. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, तशीच पडून राहिले.

केस गेले. अन्नाचा वास आला तरी ढवळून यायचं. मृणालनं हौसेनं केलेली खिचडी मी तिच्यादेखत ओकले, आणि ती न्हाणीघरात जाऊन रडली. दुसऱ्या डोसानंतर तर मला जगायचीच इच्छा राहिली नव्हती. देवापुढे बसून मी देवाला नाही नाही ते बोलले. उपचार सोडून द्यावेत, भिवापूरला ताईच्या रिकाम्या खोलीत जाऊन पडावं, असं मनात यायचं. हे कुणी कबूल करत नाही म्हणून मी करते: असं मनात येतं. आलं तर निदान एका माणसाला सांगा. मी दुर्गाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मलेही येते. मंग भूक लागते." मला भूकही लागत नव्हती.

आणि रोज सकाळी ती गाठ. उठले की आधी हात तिकडे जायचा. कालच्यापेक्षा लहान आहे? मोठी आहे? आशा वाटत असली की लहान लागायची, भीती वाटत असली की मोठी. माझ्या बोटांवरचा माझाच विश्वास उडाला.

एका सकाळी मृणाल भाजी आणायला गेली होती. सुधाकर औषधाची गोळी घेऊन आले. मी म्हणाले, "तुम्ही पाहा."

"काय?"

"गाठ. तुमच्या बोटांना कळते. धागा जाड का बारीक, तुम्ही डोळे मिटून सांगत होते ना?"

फोन आला त्या दिवसापासून त्यांनी आपणहून मला हात लावला नव्हता. ते पलंगाच्या काठावर बसले, हात पंचाला पुसले आणि डोळे मिटले. दुसऱ्या सुईच्या दिवशी मॅडमनी त्यांना गाठ चाचपून पाहायला लावली होती, तेव्हाची त्यांच्या बोटांच्या लक्षात होती. बराच वेळ लागला. बोटं पुढे सरकली, परत आली, मग थांबली.

"आहे तेवढीच आहे, मंगल," ते म्हणाले.

म्हणजे केमो चालत नव्हतं. पण त्यातही मला एक गोष्ट समजली. "व्यवस्थित गेला" म्हणणारा माणूस आज खोटं बोलला नव्हता. मी त्यांचा हात धरून रडले, आणि ते माझ्याहून जास्त रडले.

उत्तर

रिपोर्ट आला. मॅडमनी पुन्हा खुर्ची पुढे ओढली.

"या गाठीनं केमोला दाद देण्याची शक्यता कमी दिसते." त्यांनी मापाच्या पट्टीनं गाठ मोजली. सुधाकरांच्या बोटांनी सांगितलं होतं तेच निघालं. "आता पुढचे डोस देत नाही. ऑपरेशन करू, मग हार्मोनच्या गोळ्या. अशा गाठी पुष्कळदा गोळ्यांना दाद देतात. पुष्कळदा म्हणते आहे, नेहमी नाही."

"म्हणजे हे दोन डोस फुकट गेले?"

"कदाचित," मॅडम म्हणाल्या. त्यांनी गुळमुळीत उत्तर दिलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

बाहेर जिन्याच्या पायरीवर सुधाकर मटकन बसले. "दोन डोस माह्यामुळं. तो पहिला ब्लॉक नीट गेला असता, तर तुले हे घ्यावंच लागलं नसतं."

मी त्यांच्या शेजारी बसले. "नाही हो, तुमच्यामुळे नाही" असं म्हणता आलं असतं, पण ते खरं की खोटं, मला खरंच माहीत नव्हतं. त्या पायरीवर माझ्या डोक्यात ताईच होती. तिला कुणी "थांबा" म्हणालं नाही. तिनं शेवटचा डोससुद्धा घेतला. मला कुणीतरी थांबवलं. या चाचणीनं मला बरं केलं नाही, तिनं मला फक्त थांबवलं. ते थोडं आहे की पुष्कळ, मला ठरवता येत नाही.

झाकण

ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठींमध्येही रोग सापडला. मॅडमनी सांगितलं, की काढलेल्या गाठीचा ब्लॉक पुन्हा बंगलोरला पाठवू. ती गोळ्यांना कितपत दाद देईल याचा अंदाज येईल, त्यावरून पुढचं ठरवू. ब्लॉक काल घरी आला. पिशवीतच होता. सुधाकरांनी तो डब्यात ठेवला, डब्याभोवती थर्माकोल लावला, आणि आज सकाळी बंगलोरच्या रेल्वेच्या वेळेच्या कितीतरी आधी पायांत चपला घालून दारात उभे राहिले.

आणि मी म्हणाले, "नका नेऊ."

"काहून?"

"उत्तर आलं तर?"

हे लिहिताना मला लाज वाटत नाही. हेच कळावं म्हणून मी आकांत केला होता, नवऱ्याला नको ते बोलले होते. पण तेव्हा मला वाटत होतं, की उत्तर म्हणजे 'हो' असणार. एकदा 'नाही' ऐकलेल्या माणसाला दुसऱ्यांदा कान पुढे करणं कठीण असतं. गोळ्यांनाही दाद देणार नाही असं आलं, तर मग काय उरलं? न पाठवलेल्या ब्लॉकमध्ये निदान 'हो' शिल्लक होता.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. मृणालनं स्टेशनपर्यंत टॅक्सी बुक करू की नको, म्हणून माझ्याकडे पाहिलं. मग सुधाकर खाली पाहतच म्हणाले, "त्या दिवशी मी डबा उघडून पाह्यला होता, मंगल. मले दिसलं होतं. अन् मी झाकण लावून टाकलं. तू तसं नको करू."

मी स्वयंपाकघरात गेले. टोपलीतून एक कांदा घेतला. डावा हात अजून वर होत नाही, एका हातानं सोलता येईना, म्हणून त्यांना हाक मारली आणि कांदा धरायला लावला. त्यांनी धरला, मी सोलला. मग डबा उघडून कांदा पिशवीतल्या ब्लॉकच्या शेजारी ठेवला आणि मृणालला टॅक्सी बुक करायला सांगितलं.

"आता कुठी ऊन आहे वं?" ते म्हणाले.

"असू द्या," मी म्हणाले. "या वेळी साल काढली आहे."